वाचणारी वैजू

शेवाळे बाई व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि एकेका मुलाला वर्गातून बोलवत होत्या. पहिला नंबर माझा होता. तसं कोळेकर गुरुजींनीच ठरवलं होतं. "सुरुवात चांगली झाली की पुढचं आपसूक चांगलं होतं," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला दाराबाहेर काढलं. मी दुसरीत होते. शाळेतली सगळ्यात चांगली वाचणारी मुलगी म्हणून माझं नाव होतं, आणि मला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

हे कसं निभत होतं, ते सांगते. धरणाच्या पाण्याकाठी आमची भोयांची वस्ती, आणि वस्तीला लागून जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. गुरुजींची शिकवायची पद्धत अशी, की एकाने धड्याची ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून ओरडायचं. असा एकेक धडा आठवडाभर चाले. मला मात्र दुसऱ्या दिवशीच तो पाठ असे. पुस्तक उघडून समोर धरलं, चित्र बघितलं, की तोंड आपोआप चालू व्हायचं. कुणी साहेब शाळेला भेट द्यायला आला की गुरुजी मला उभं करायचे, मी घडाघडा म्हणायचे, साहेब मान डोलवायचा आणि गुरुजी चहा मागवायचे. पुस्तकातली अक्षरं मात्र मला कधी ओळख देत नव्हती. वरच्या ओळीत बघितलेलं अक्षर खालच्या ओळीत आलं की मला ते नवंच वाटे. सगळ्यांनाच असं होत असेल आणि सगळेच माझ्यासारखे पाठ करत असतील, असं पहिलीत वाटायचं. दुसरीत कळलं, की तसं नाही. तेव्हापासून मी भ्यायला लागले.

घरी तर आणखी पंचाईत होती. आबा पुड्यात बांधून आलेला पेपरचा तुकडा सरळ करून माझ्यापुढे धरायचे आणि चार भोयांसमोर म्हणायचे, "वाच गं." मी सुचेल ते वाचायची. त्यातल्या कुणालाच वाचता येत नव्हतं म्हणून बरं. एकदा मी वाचलं, की उद्या मोठं वादळ येणार आहे. दुसऱ्या दिवशी कुणीच होडी काढली नाही. वादळ तर आलं नाहीच, पाण्यावर साधी लाटसुद्धा उठली नाही. आबा म्हणाले, "पेपरवाले काय बी लिवत्यात."

तुम्हाला हसू येईल. मला त्या रात्री जेवण गेलं नव्हतं.

कारण आमच्या घरात एकीचं काय झालं ते मी बघितलं होतं. माझी थोरली बहीण काशी, तिला मी अक्का म्हणायची. तिलाही वाचता येत नव्हतं, पण तिला माझ्यासारखं पाठ करून वेळ मारून न्यायचं सुचलं नाही. दोन वर्षं एकाच वर्गात बसली. गुरुजींनी तिला मागच्या भिंतीला बसवलं, मग पाणी भरायला आणि व्हरांडा झाडायला लावलं, आणि शेवटी आबांना बोलावून सांगितलं, "हिच्या डोक्यात जात नाही. उगीच शाळेत अडकवू नका." तेव्हापासून अक्का आडतीवर जायची. आडत म्हणजे जिथे सगळ्या होड्यांची मासळी उतरते आणि बर्फात भरून ट्रकनं जाते, ते पत्र्याचं शेड. दिवस उगवायच्या आत जायचं, बर्फात हात घालून मासे निवडायचे, खवले काढायचे. अक्काच्या बोटांना चिरा पडलेल्या असायच्या आणि त्यात मीठ गेलं तरी ती हूं की चूं करायची नाही. सापासारखी वळवळणारी जिवंत वाम हातानं धरायची. तिला कशाचीच भीती वाटत नाही, असं मला वाटे. मला तिच्यासारखं व्हायचं नव्हतं. वाचता येत नाही हे कळलं की आडत, एवढा सरळ हिशोब माझ्या डोक्यात बसला होता.

आणि अशात शेवाळे बाई बदलून आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, की पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाचं वाचन त्या स्वतः, एकटं बसवून, तपासणार. मागून ओरडायचं नाही आणि शेजारच्याकडे बघायचं नाही. माझी मैत्रीण परवीन पाणी पिताना माझ्या कानात म्हणाली, "ज्याला येत न्हाय त्याला म्हनं सोलापूरला यड्यांच्या शाळंत पाठवत्यात." परवीनला वाचता येत होतं, म्हणून ती मजेत सांगत होती.

मला तारलं गुरुजींनी. तपासणीचे छापील कागद तालुक्याहून आधीच आले होते, आणि बाई एक दिवस बैठकीला गेल्या होत्या. शाळेची अब्रू जायला नको म्हणून गुरुजींनी गठ्ठा सोडला, त्यातली गोष्ट फळ्यावर उतरवली आणि दिवसभर आमच्याकडून घोकून घेतली. एका कुंभाराचं गाढव रुसतं आणि मडकी घेऊन बाजाराला जायला तयार होत नाही, अशी ती गोष्ट होती. दुपारच्या सुट्टीआधी मला ती पाठ झाली होती. संध्याकाळी पोरं हापशावर पाणी भरताना तीच गोष्ट तालावर म्हणत होती. त्या रात्री मी पोटभर जेवले.

तर, बाईंसमोर मी बसले. बाई तरुण होत्या, चष्मा होता, आवाज बारीक होता.

"नाव काय तुझं?"

"वैजंता. वैजू म्हनत्यात."

"वैजू, हा कागद घे. जमेल तसं वाच. घाई नाही. अडलं तर अडू दे."

आमच्या पुस्तकात चित्र असे, त्याचा आधार असे. या कागदावर चित्र नव्हतं. पण मला त्याची काय गरज होती? मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, बोट पुढे सरकवलं आणि सुरू केलं. एका गावात एक कुंभार होता. कुंभाराचं गाढव होतं. एके दिवशी गाढव रुसलं. मी आवाज चढवला, उतरवला, गाढव रुसलं तिथे मीपण थोडी रुसले. बाई माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, माझ्या बोटाकडे बघत होत्या. गोष्ट संपली तेव्हा माझं बोट कागदाच्या मध्यावरच होतं. मी ते पटकन खालच्या ओळीवर नेलं.

बाईंनी माझ्या हातातून कागद घेतला आणि म्हणाल्या, "जा. परवीनला पाठव."

मी उड्या मारत वर्गात गेले. सुटले म्हणून मला इतका आनंद झाला होता, की गुरुजींनी विचारायच्या आत मीच सांगितलं, "समदं वाचलं, गुरुजी." ते खूश झाले. मागे बसून मी परवीनची वाट बघत राहिले. ती परत आली ती तोंड वाकडं करून.

"लई अवघड हुतं गं. दोन शब्द अडले माजे."

"कुठलं? कुंभार?"

"कुंभार कुठला? छत्रीची गोष्ट हाय ती. बाजारात छत्री हरवती न्हाय का."

"गाडवाची न्हाय?"

"न्हाय. बाईंनी हातानं लिवलाय कागद. त्यात गाडव कुठंच न्हाय. तू काय वाचलंस मंग?"

माझे कान तापले आणि पाय गार पडले, दोन्ही एकाच वेळी. बाई आदल्या संध्याकाळी एस.टी.तून उतरून हापशाजवळून गेल्या होत्या, आणि पोरांच्या तोंडची गोष्ट ऐकून त्यांनी घरी जाऊन दुसरी लिहिली होती, हे मला फार नंतर कळलं. त्या घडीला एवढंच कळलं, की छत्रीचा कागद हातात धरून मी त्यांना अख्खं गाढव ऐकवलं, आणि त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

उरलेला दिवस कसा गेला ते विचारू नका. एकेक पोरगं बाहेर जाऊन येत होतं. बाई आता उठतील, आता गुरुजींना सांगतील, या भीतीनं मी दाराकडे बघायची आणि बघवत नाही म्हणून जमिनीकडे बघायची. लघवीला जायचं होतं तरी गेले नाही, कारण वाट व्हरांड्यातून होती. शाळा सुटली तेव्हा मी सगळ्यांच्या मध्ये घुसून पळत होते, तरी बाईंनी मला बरोबर हेरलं.

"वैजू, आज मी तुमच्या घरी येणार आहे."

"आबा घरी नसत्यात."

"मग आईला भेटेन."

"आईबी नसती."

"मग मी त्यांची वाट बघेन," बाई म्हणाल्या.

घरी मी कुणालाच काही सांगितलं नाही. काठावर आमची जुनी होडी दुरुस्तीसाठी उपडी घातली होती, तिच्याखाली जाऊन बसले. तिथे डांबराचा वास होता आणि अंधार होता. सोलापूर कितीसं लांब असेल, तिथे वेड्यांना मारतात का, आणि आडत बरी की सोलापूर बरं, असा मी विचार करत होते. थोड्या वेळानं होडीच्या फटीतून अक्काचे पाय दिसले. ती वाकली.

"काय केलंस?"

"काय न्हाय."

"काय न्हाय करून कोन होडीखाली बसतंय व्हय? भाईर ये."

मी बाहेर आले नाही. तीच आत सरकली आणि माझ्याजवळ बसली. तिच्या परकराला मासळीचा वास येत होता. मी तोंड फिरवलं. थोड्या वेळानं मला राहवलं नाही.

"अक्का, बर्फ लई गार असतुया का गं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "पयल्यांदा हात दुकत्यात. मंग काय बी कळत न्हाय," ती म्हणाली. आणि मग, "का इचारतीस?"

मी रडायला लागले. तेवढ्यात वरून आईची हाक आली, "वैजे, काशे, बाई आल्यात शाळंच्या." अक्कानं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

बाई आमच्या दारात पोत्यावर बसल्या होत्या. आबा समोर उकिडवे बसले होते, आई चुलीपाशी चहा ठेवत होती. मी जाळ्यांच्या ढिगाऱ्यामागे उभी राहिले. अक्का दुपारचे उरलेले मासे घेऊन बाजूला विळीवर बसली. आबा हसतमुख होते. पोरीचं कौतुक करायला बाई आल्या, असंच त्यांना वाटलं असणार.

"तुमची वैजू फार हुशार आहे," बाई म्हणाल्या.

"गुरुजीबी तेच म्हनत्यात. घरात आमाला पेपर वाचून दावती."

"तिला वाचता येत नाही."

आबांचं हसू तसंच राहिलं, नुसतं तोंडावर. "असं कसं, बाई? माज्यासमोर वाचती की."

"ती ऐकलेलं लक्षात ठेवते. एकदा ऐकलेली गोष्ट शब्द न चुकता सांगते. आज मी छत्रीची गोष्ट हातात दिली, तर तिनं दुसरीच सांगितली. अक्षरं तिला ओळखताच येत नाहीत."

चहा उतू गेला तरी आई तशीच बसून राहिली. आबांनी मान वर केली तेव्हा ते माझ्याचकडे बघत होते.

"मंग त्यो वादळाचा पेपर?" त्यांनी विचारलं.

मी जाळ्याच्या मागे आणखी खाली बसले. मार पडेल असं वाटत होतं. मार पडला असता तर बरं झालं असतं, कारण आबांनी जे केलं ते त्याहून वाईट होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "चार मानसांत म्या सांगत फिरतुया, माजी पोरगी वाचती म्हनून." मग बाईंकडे वळले. "बरं झालं सांगितलंत. थोरलीचं बी असंच झालं. तिला दोन वरसं बशीवली, फुकाट गेली. हिला न्हाय तसं करनार. सोमवारपास्नं हिला बी आडतीवर धाडतो. आमच्या रक्तातच न्हाय ते."

झालं. ज्याची भीती होती तेच माझ्या बापाच्या तोंडून निघालं होतं.

"मी हिला शाळेतून काढा म्हणायला आले नाही," बाई घाईनं म्हणाल्या. त्यांचा बारीक आवाज आणखी बारीक झाला होता, त्यासुद्धा घाबरल्या होत्या बहुतेक. "अशी मुलं असतात, दादा. डोकं चांगलं असतं, नुसती अक्षरं बसत नाहीत. त्यांना सगळ्यांसारखं शिकवून चालत नाही. एकेक आवाज, एकेक अक्षर, बोटानं गिरवून, रोज थोडं थोडं. शाळा भरायच्या आधी अर्धा तास मी हिला घेईन. ते वेळेवर ध्यानात आलं तर मुलं वाचायला लागतात. उशीर झाला की मग फार कठीण जातं."

"किती वर्साचं झाल्यावर उशीर हुतो, बाई?"

विळीवरून अक्कानं विचारलं होतं. तिनं मान वर केली नव्हती. हातातल्या माशाचे खवले काढायचे मात्र थांबले होते.

बाईंनी तिच्याकडे बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं. "तुझं वय किती, बाळ?"

"माजं न्हाय इचारलं. हिचं इचारलं. हिला उशीर झालाय का?"

"नाही. हिला नाही झालेला."

"बास मंग," अक्का म्हणाली. तिनं मासा पाटीत टाकला आणि आबांकडे वळली. "आबा, ही आडतीवर येनार न्हाय."

"तू मधी बोलू नगं."

"बोलनार. मला गुरुजींनी भाईर काडलं तवा कोन बोललं न्हाय. हिच्या वाटचं मी करीन, पर ही येनार न्हाय."

अक्का आबांसमोर इतकं कधीच बोलली नव्हती. आबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला होता की काय झालं होतं, मला आजही सांगता येणार नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "दिवाळीपत्तुर बघू," आणि उठून पाण्याकडे निघून गेले. बाईंनी गार झालेला चहा सगळा प्यायला.

सकाळी मात्र माझा पाय निघेना. आडत टळली हे खरं, पण आता मला बाईंसमोर एकटीनं बसायचं होतं, आणि पाठ करायला काहीच नव्हतं. जे मी इतके दिवस लपवलं, ते आता रोज अर्धा तास उघड्यावर मांडायचं होतं. मी पोटात दुखतंय म्हणाले, पायात काटा मोडलाय म्हणाले. अक्का नुकतीच आडतीवरून आली होती. तिनं हातसुद्धा धुतले नाहीत, माझं मनगट पकडलं आणि मला शाळेकडे ओढत नेलं.

शाळेत बाईंशिवाय कुणी नव्हतं. वर्गाच्या दारात आल्यावर अक्का थांबली. बाई आतून म्हणाल्या, "या दोघी. काशी ना तू? ये, बस तूपण."

"मला काम हाय," अक्का म्हणाली. "माज्या अंगाला वास मारतुया."

"मारू दे."

अक्का हलली नाही. तिची नजर मागच्या भिंतीवर होती, जिथे तिला बसवत होते. तिचा हात अजून माझ्या मनगटावर होता, आणि तो हात थरथरत असल्याचं माझ्या लक्षात आलं. आधी वाटलं, मीच कापतेय. मी हात अगदी घट्ट स्थिर धरून बघितला. कापत होती ती अक्काच. जिवंत वाम धरणारी माझी बहीण एका रिकाम्या वर्गाच्या उंबऱ्यावर माझ्याइतकीच घाबरली होती. आणि ही भीती तिच्यात आजची नव्हती. ती रोज व्हरांडा झाडत होती तेव्हापासूनची होती. ते कुणीच ओळखलं नव्हतं, आणि एका घरात राहून मीसुद्धा नाही.

"तू जा," ती मला म्हणाली. "म्या हितंच हाय भाईर."

मी आत गेले. बाईंनी भिंतीला टेकवलेल्या छोट्या फळ्यावर एक मोठं अक्षर काढलं, माझं बोट धरून ते धुळीत गिरवून घेतलं आणि त्याचा आवाज तोंडानं काढून दाखवला. "म. ओठ मिटून. म्हण."

"म," मी म्हणाले. आवाज फुटका निघाला.

"आणखी एकदा."

मी म्हटलं. आणि माझ्यामागून, खिडकीच्या बाहेरून, कुणीतरी अगदी हळू तेच म्हटलं. ओठ मिटून.

बाईंनी खिडकीकडे बघितलं नाही. मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही. त्या उठल्या, फळा उचलला आणि खिडकीकडे तोंड करून ठेवला. मग पुढचं अक्षर जरा मोठ्यानं म्हटलं. मला फळा दिसेना, म्हणून मी बसल्या बसल्या तिकडे सरकले.